बांधी कोणाच्या नावे

साकोलीच्या कॉलेजचा जिना रत्नमाला चप्पल आपटतच चढली. प्राचार्य आनंदरावांचा तिला इतका राग आला होता की ओळखीचे लोक नमस्कार करत होते तेही दिसले नाहीत. मागून तिची मावशी, मालनबाई, गुडघे धरत येत होती. बपेऱ्याहून सकाळच्या एसटीने निघालेली.

याच कॉलेजात शिकवणाऱ्या रत्नमालाने सहा वर्षं गावोगाव फिरून धानाची जुनी बियाणी गोळा केली होती. ती तपासायला सरकारी संशोधन अनुदान मिळण्यासारखं होतं, पण खर्चाचा चौथा हिस्सा कॉलेजने उचलायचा असा नियम. रोख नसेल तर जमीन चालेल, मालकाचं संमतिपत्र हवं; मात्र एकच जमीन दोन प्रस्तावांत दाखवायची नाही. आनंदरावांनी हात वर केले. कॉलेजकडे छदाम नाही, म्हणाले, हिस्सा तुम्हीच शोधा. तिने शोधला. मालनबाईने आपली बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, तीन वर्षांसाठी देऊन टाकली, तीही फुकट.

पण पत्र लिहिताना शिक्षण आडवं आलं. मालनबाईने स्पष्ट सांगितलं होतं, "बांधी मी कॉलेजले नाही, माह्या रत्नाले देऊन राहिली. तसंच लिव." सरकारी कागदात असं गावंढळ कोण लिहितं! प्राध्यापकबाईंनी टाइप केलं, 'सदर जमीन महाविद्यालयास संशोधनार्थ देण्यात येत आहे', आणि मावशीने भाचीच्या भरवशावर सही केली.

आनंदरावांनी रत्नमालाचा प्रस्ताव सहीच्या नावाखाली आठ दिवस दाबून ठेवला. तेवढ्यात तेच पत्र आपल्या पुतण्याच्या, मनिषच्या प्रस्तावाला जोडून पाठवूनही दिलं. हा मनिष धान कोणतं आणि गवत कोणतं ते सांगू शकला नसता.

"पत्र कॉलेजच्या नावे आहे, मॅडम," दोघी केबिनमध्ये शिरल्यावर आनंदराव चहा ढवळत म्हणाले. "कुठे जोडायचं ते कॉलेज ठरवेल." वर उपकार केल्यासारखं सांगितलं, की मनिषच्या खाली सहायक म्हणून तुमचंही नाव टाकतो, बियाणी तेवढी त्याच्या हवाली करा.

रत्नमालाच्या अंगाची लाही लाही झाली. त्याहून जास्त राग तिला स्वतःचाच आला. मावशीकडे बघायची हिंमत होईना. मालनबाई एवढंच म्हणाली, "आता तरी मी सांगून राहिली तसं लिव."

प्रस्तावांची मुदत संपण्याआधी कॉलेजात लेखी देऊन मालकाला संमती मागे घेता येते, हा नियम रत्नमालाला पाठ होता. तिने त्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि मावशी सांगत गेली तसं, एक अक्षर न बदलता लिहिलं: 'बांधी मी रत्नाले देली होती. चोराले नाही. वापस घेतली.'

आनंदरावांचा चमचा थांबला. मुदत आज पाचला संपते, मनिषचा प्रस्ताव बाद होईल, त्यांनी बजावलं, आणि तुमच्या प्रस्तावावर माझी सही आता या जन्मात होणार नाही. सहा वर्षं पाण्यात जातील.

"माझी जातील," रत्नमाला म्हणाली. "पण मनिषला त्यातला एक दाणा मिळणार नाही."

मालनबाईने सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. कॉलेजात आलेले कागद दाखल करून घेणाऱ्या आवक खिडकीवरचा बाबू जेवायला गेला होता. कागदावर शिक्का बसेपर्यंत दोघी तिथून हलल्या नाहीत.