एका हाताची भाकरी

तुळसाबाईच्या अंगावरून वारा गेला त्याला दीड वर्ष झालं. डावा हात लुळा पडला, डावा पाय ओढत चालावं लागे. जीभ मात्र होती तशीच राहिली, उलट अंमळ जास्तच चालायला लागली, असं पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीतलं कुणीही सांगेल. मुंबईहून मुलगा सुनील आला की त्याचा एकच धोशा, "आये, चल भांडुपला." आणि हिचं एकच उत्तर, "तुझ्या त्या खोलीत मी पाय पसरला तर शेजाऱ्याच्या दारात जायल. मी नाय येत जा."

पण या खेपेला सुनीलनं निक्षून सांगितलं होतं. "शिमग्याला येतो. दोन दिवस नुसता बघत बसतो. तुझं तुला होत असंल तर ऱ्हा हितंच. नायतर तिसऱ्या दिवशी गाडीत बसायचं आणि घराला कुलूप." तुळसाबाई "बरं" म्हणाली खरी, पण कुलूप हा शब्द तिला मुळीच आवडला नव्हता.

तिचा सगळा भरवसा होता रिझवानावर. रिझवाना महाडची. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना आपल्याच घरात आपलं आपण राहता यावं, म्हणून काम करणाऱ्या एका संस्थेत ती होती. दर बुधवारी एसटीनं पोलादपूरला उतरायची आणि घाम पुसत चढण चढून वाडीवर यायची. पहिल्या दिवशी तुळसाबाईला वाटलं, चला, रांधायला बाई आली! पण ही बया पाट ओढून बसली ती बसलीच.

"मी तुमच्यासाठी नाही करणार, आजी. तुमच्याकडून करून घेणार."

"मग आलीस कशाला गो? तमाशा बघायला?"

महिनाभर दोघी भांडल्या. पण भांडता भांडता परातीखाली ओलं गोणपाट आलं, म्हणजे परात सरकत नाही. हंड्याच्या जागी लहान कळशी आली. दारापासून मोरीपर्यंत धरून चालायला बांबू आडवा बांधला गेला. विळी तर काय, पायाखाली दाबली की एका हाताचीच. अडलं होतं ते फक्त भाकरीपाशी. थापायला एक हात पुरे. पण थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकायची म्हणजे दोन हात हवेत. एका हातानं उचलली की अर्धी परातीत, अर्धी चुलीत! रिझवानानं हात टेकले. "भात करा, आजी," ती म्हणाली. तुळसाबाई भात खाऊ लागली, पण मनातून चरफडत होती.

सुनील आला. आणि घोटाळा झाला तो असा, की वाडीतली माणसं फार चांगली होती. शेजारच्या चांगूनं देवळापुढं सगळ्यांना गोळा करून आधीच बजावलं होतं, "मुंबैवाला बघायला येतोय. म्हातारीचे हाल दिसले तर वाडीचं नाक जायल. कुणी हात आखडायचा नाय!"

झालं. सकाळी तुळसाबाई उठून बघते तर पाणी भरलेलं. झाडू घ्यायला गेली तर अंगण सारवून तयार. चूल पेटवायला बसली तोच धाकटी जाऊ चंद्राबाई केळीच्या पानात गुंडाळलेल्या ऊनऊन भाकऱ्या घेऊन हजर. "बसा जावबाय, तुम्ही कशाला हात लावता?" चांगू लाकडं टाकून गेला. कुणाची सून तर वेणी घालायला आली! तुळसाबाई ह्याला नको म्हणते, त्याला जा म्हणते, पण ऐकतंय कोण?

सुनील ओटीवर बसून बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शांतपणे म्हणाला, "आये, आठ माणसं राबतात तुझ्यामागं. किती दिवस राबतील बिचारी? कपडे बांध तुझे."

तुळसाबाईचं डोकंच फिरलं. "चालते व्हा सगळे!" ती ओरडली. "चंद्रे, तुझ्या भाकऱ्या ने. सुन्या, तूपण भायेर हो. आज माझ्या हातची भाकरी खाशील आणि मगच बोलशील!" आणि तिनं आतून कडी घातली.

कडी घालून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलो. भाकरी! भात म्हणायला काय झालं होतं मेलीला?

पण आता माघार नव्हती. चूल पेटली. कुळथाची पिठी झाली. पीठ मळून झालं. पहिली भाकरी मोडली. दुसरी तव्याच्या काठावर लोंबकळली आणि निखाऱ्यात गेली. धूर झाला. बाहेर चंद्राबाईनं गळा काढला, "जळली गो बाय! दार फोडा रे!"

तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. बुधवार होता. "धूर येतोय म्हणजे चूल पेटलीय, काकी. बसा खाली. दाराला कुणी हात लावायचा नाही." रिझवाना दाराला पाठ लावून बसली असणार, कारण दार जरा करकरलं.

तुळसाबाईला रडू कोसळलं. तिसरी भाकरी मोडली होती. डोळे पुसायला पदर शोधताना हाताला लागलं ते चंद्राबाईनं भाकऱ्या गुंडाळून आणलेलं केळीचं पान. गडबडीत इथंच राहिलं होतं. ती पानाकडे बघत राहिली. मग तिनं ते परातीत पसरलं, त्याच्यावर गोळा थापला, पानाखाली पंजा घातला आणि भाकरी पानासकट तव्यावर उलटी केली. पान सोललं. भाकरी अख्खीच्या अख्खी तव्यावर!

"अगो बाय!" ती एकटीच मोठ्यानं म्हणाली.

दार उघडलं तेव्हा दुपार झाली होती. तुळसाबाईच्या गालाला पीठ, नाकाला काजळी. तिनं सुनीलला ताटावर बसवलं. सगळी वाडी दारात उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

"कशी झालीय?"

"जाड हाय," सुनील म्हणाला. "कडेला कच्ची हाय." आणि हसायला लागला. त्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागितली. मग मान खाली घालून बारीक आवाजात म्हणाला, "मग आता माझं काय काम ऱ्हायलं गो आये?"

तुळसाबाई चपापली. दीड वर्ष ती आपल्या घरासाठी भांडत होती. ह्या पोराच्या जिवाला काय लागून राहिलंय हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. तिला त्याची फार माया आली.

"न्यायला येऊ नको, बाबा," ती म्हणाली. "जेवायला येत जा." आणि चौथी भाकरी थापायला तिनं पान पुसून घेतलं.