पांढरी रेती

माणिकराव हेडमास्तरांच्या मेव्हण्याने मुंबईहून मासे पाठवले, तेव्हा आठवडाभर चिखलीत दुसरा विषय नव्हता. काचेची मोठी पेटी आणि पत्र्याच्या डब्यात आठ सोनेरी मासे, नांदुऱ्याला रेल्वेतून उतरवून मोटारीने आणलेले. साल एकोणीसशे चौसष्ट. मासे नदीत बघावेत, बैठकीत कशाला, असं लोक म्हणत आणि तरी बघायला जात.

पेटीच्या तळाला रेती हवी होती. कोणत्या रंगाची, ते ठरवायचं काम हेडमास्तरांनी माझ्याकडे दिलं, कारण मी शाळेत विज्ञान शिकवायचो. तोवर मासे पितळी घंगाळात होते. दोन वर्षं मी हंगामी मास्तर होतो. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्या उन्हाळ्यात हेडमास्तरांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. काम चोख व्हायलाच हवं होतं.

माझे सासरे कडूबा गावाबाहेर भाजीचा मळा करत. हेडमास्तरांच्या घरी एक दिवसाआड त्यांचीच टोपली जायची. त्यांच्या कानावर गेलं तसं ते पैनगंगेची काळी रेती पोतंभर घेऊन आले.

"हीच टाका, जवाईबापू. मासोयाइचा रंग हिच्यावर उठून दिसते. अन् त्याइले घरच्यासारखं वाटते."

मी नाक मुरडलं. तसली रेती तर कुठल्याही बांधकामापुढे पडलेली असते. मुंबईच्या माशांना ती काय शोभणार! मुलांची सहल घेऊन लोणारला गेलो होतो, तेव्हा सरोवराच्या काठी पांढरी रेती पाहिली होती. रविवारी एस.टी.ने जाऊन ती पिशवीभर आणली. तिथलं पाणी खारं, हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. मलाही होतं. पण मी ती रेती सात पाण्यांनी धुतली, आणि रेती म्हणजे गारगोटीचा चुरा, हे वर्गात मीच शिकवत होतो. कुठून आणली ते मात्र बायकोलाही सांगितलं नाही. मेहकरच्या मित्राने दिली म्हणालो. आता कळतं, खोटं तिथूनच सुरू झालं होतं.

सोमवारी दोन्ही रेत्या सासऱ्यांनीच खांद्यावरून हेडमास्तरांकडे नेल्या. बैठकीत दोन पराती मांडल्या, एकीत काळी, एकीत पांढरी. हेडमास्तरांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "पांढरी किती छान दिसते! पण मास्तर, तुमचं मत काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासरे उकिडवे बसले आणि त्यांनी पांढऱ्या रेतीची चिमूट जिभेवर ठेवली.

आमच्याकडे शेतकरी नव्या विहिरीचं पाणी असंच चाखून बघतो, नव्या वावरातली मातीही जिभेला लावतो. त्याची परीक्षा ती. पण हेडमास्तरांच्या बैठकीत, पागोटं बांधलेला म्हातारा रेती चाटतोय! अन्नपूर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. माझी कानशिलं तापली. सासरे काही बोलणार, तोच मी म्हणालो, "मामा, बाहेर बसा. इथं तुमचं काम नाही."

ते उठून गेले. बाहेर ओट्याखाली थुंकले आणि मी आलो तेव्हा हळूच म्हणाले, "खारी हाय जी ते. मासोया मरतीन."

"मी बी.एस्सी. आहे, मामा. तुम्ही तुमची वांगी बघा."

पेटीत पांढरी रेती पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा शिपाई मला बोलवायला आला. आठही मासे पोट वर करून तरंगत होते. हेडमास्तर पेटीजवळ उभे होते.

"मास्तर, ही रेती आणली कुणी?"

खरं सांगायला दोन शब्द पुरे होते. पण माझ्या तोंडून निघालं, "सासऱ्यांनी. मी विश्वास ठेवला, साहेब."

बोललो आणि मागच्या दाराकडे लक्ष गेलं. सासरे तिथे टोपली घेऊन उभे होते. अन्नपूर्णाबाई मेथीची जुडी निवडत होत्या. दोघांनीही ऐकलं होतं. म्हातारा एक वाक्य बोलला असता तर माझी नोकरी गेली असती, आणि ती जायलाच हवी होती.

सासऱ्यांनी टोपली खाली ठेवली, हात जोडले.

"हाव साहेब, म्याच आनली. मले काय कयते मासोयातलं? मास्तरची काई चूक नाई त्याच्यात."

"उद्यापासून भाजी आणू नका," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि हातातली जुडी परत टोपलीत टाकली. हेडमास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरच्या माणसांवर इतकं विसंबू नये, म्हणाले. त्या हाताखाली मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी तो झटकला नाही.

रविवारी संध्याकाळी सासरे आमच्याकडे जेवायला आले. बापाच्या रेतीने मासे मेले, एवढंच बाजारात वच्छलाच्या, माझ्या बायकोच्या, कानावर आलं होतं; पेटीत त्यांची काळी रेतीच पडली, असं ती धरून चालली होती. भाकरी थापता थापता तिने बापाला धारेवर धरलं.

"बा, काऊन केलं असं? ज्यातलं कयत नाई, त्यात हात घालाचा कायले? याइची नोकरी जात होती तुमच्यापायी! मले बाया इचारून राह्यल्या, तुह्या बापानं मासे मारले म्हणे. मान वर कराले जागा ठेवली नाई तुम्ही."

"चुकलं वं माय," ते म्हणाले.

मी बोलायला हवं होतं. मी खाली मान घालून भाकर मोडून खात राहिलो. वच्छलाने फक्त माझ्याकडे बघितलं असतं तरी मी सांगून टाकलं असतं, असं मी स्वतःला समजावत होतो. ती बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

सासऱ्यांनी एकदाच मान उचलून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"जाऊ दे वं आता," ते लेकीला म्हणाले. "जवाईबापूचं ताट पाह्य. भाकर सरली त्याइची."

वच्छलाने तव्यावरची गरम भाकर उचलली. मी ताट पुढे केलं.