लाल सरबतावरचा काळा ठप्पा

गल्लीत त्यांना सगळे बुडबुडेमामा म्हणत. वडिलांनी सुरू केलेला सोड्याचा छोटा कारखाना ते चालवत. कारखाना म्हणजे पुढे दुकान आणि मागे एक लांबट खोली. तिथे पाकाचं मोठं पातेलं, भिंतीला साखळीनं बांधलेले गॅसचे सिलिंडर आणि बाटल्या भरायचं एक यंत्र, जे लहर फिरली की रुसून बसे. सरबतं दोनच, आलं-लिंबू आणि लाल. लाल सरबताची कृती वडिलांची, त्यामुळे ते मामांचा जीव की प्राण.

दुसरा जीव की प्राण म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. ती आरोग्य खात्यात अधिकारी होती, तिच्या सहीसाठी लोक ताटकळत. पण घरी अजून चिमणीच.

एका संध्याकाळी जेवता जेवता चिमणी थांबली. "बाबा, उद्या पेपरात येईल. त्याआधी माझ्या तोंडून ऐका."

झालं होतं असं, की एका मोठ्या आंतरराष्ट्रीय आरोग्य संघटनेनं देशोदेशीच्या सरकारांना शिफारस केली होती. ज्या पेयात ठरल्यापेक्षा जास्त साखर असेल, त्याच्या बाटलीवर ठळक काळा ठप्पा हवा: 'साखर जास्त'. सरकारनं ती शिफारस मनावर घेतली होती आणि नियमाचा मसुदा चिमणीनंच लिहिला होता.

"म्हणजे माझ्या बाटलीवर?" मामांनी विचारलं.

"लाल सरबतावर तर नक्की. आलं-लिंबावरही बहुतेक."

"आणि ही संघटना कोण? कधी आपल्या दुकानाची पायरी चढली आहे का?"

"बाबा, त्या लोकांनी जगभरचा अभ्यास..."

"असू दे, असू दे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते काही खोटं नाही." एवढं बोलून मामा ताटावरून उठले.

मग अबोला सुरू झाला. मामांचा अबोला म्हणजे बोलणं बंद नव्हे, फक्त बायकोमार्फत. "तुझ्या अधिकारीणबाईंना विचार, भाजी वाढायची का." चिमणी समोरच बसलेली असायची. दोनेक आठवड्यांनी मामी वैतागल्या. "मी काय टपालखातं आहे का? आहे ती भाजी, ज्याला हवी त्यानं घ्या."

अशात दुकानाशी एक चकचकीत गाडी थांबली. मोठ्या शीतपेय कंपनीचा माणूस उतरला. त्यानं उभ्या उभ्या लाल सरबत पिऊन वाहवा केली, 'मामा, मामा' करत वाकून नमस्कार केला आणि मुद्द्यावर आला. नियमावर जनसुनावणी होणार होती. तिथे छोट्या उत्पादकांच्या वतीनं मामांनी बोलावं. भाषण कंपनी लिहून देईल.

"आपल्या माणसांनी काय प्यावं हे परक्यांनी का ठरवावं? तुमच्या तोंडून हे शोभून दिसेल," तो म्हणाला.

मामा फुशारले. तो गेल्यावर मामी गल्ल्यामागून म्हणाल्या, "याच कंपनीनं दुकानादुकानांतून आपले क्रेट हुसकावले ना? आज एकदम तुम्ही मामा कसे झालात?"

"शत्रूचा शत्रू तो आपला मित्र."

"हो का? मग यातला शत्रू कोण? आपली चिमणी?"

यंत्राला तेल घालायचं आठवल्यासारखं करून मामा आत गेले.

सुनावणीचा हॉल गच्च भरला होता. मंचावर चिमणी, तिचे साहेब आणि शेजारी त्या संघटनेच्या एक परदेशी बाई, पिकल्या केसांच्या, कानाला दुभाष्याचं यंत्र लावलेल्या. मामांचा पुकारा झाला. चष्मा चढवून त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज खणखणीत होता. पहिला कागद टाळ्यांत संपला. दुसऱ्या कागदावर वाक्य होतं: 'परक्यांच्या ताटाखालची मांजरं झालेल्या अधिकाऱ्यांनी हा नियम...'

मामा अडखळले. समोर चिमणी मान खाली घालून बसली होती. लहानपणी शाळेत कुणी काही बोललं की अशीच बसायची.

त्यांनी कागदाची घडी घातली. "पुढचं मला वाचता येत नाही," ते म्हणाले. "अक्षर चांगलं आहे, मजकूर चांगला नाही. मसुदा लिहिणारी माझी मुलगी आहे. मी तिच्यावर रागावलोय, पण ती कुणाच्या ताटाखालची मांजर नाही. आता माझं स्वतःचं विचारतो. हे माप परदेशात ठरलं. आमच्याकडे येऊन कुणी काही पाहिलं का?"

परदेशी बाईंनी चिमणीकडे हात केला. चिमणी उठली. "संघटनेनं माप सुचवलं, बाबा... म्हणजे, महोदय. पण ते आपल्याला लागू पडतं का, हे आम्ही इथेच तपासलं. गेलं वर्षभर मी शाळाशाळांत फिरले. मुलांचे दात पाहिले, वजनं घेतली, रक्त तपासलं. दहा-बारा वर्षांच्या मुलांत मोठ्यांना होणारा मधुमेह दिसायला लागलाय. तो दिसला नसता, तर मसुदा मीच परत पाठवला असता."

मामांना एकदम उमगलं, वर्षभर पोर दमूनभागून का यायची. ते समजत होते, ऑफिसातलं राजकारण असेल. विचारलं मात्र कधी नव्हतं.

"मग ठप्पा लावा," ते सावकाश म्हणाले. "पण आम्हा लहान माणसांना मुदत द्या. बड्यांकडे छापखाने आहेत, माझ्याकडे गोंदाची बाटली आहे."

हॉलमध्ये हशा पिकला. कंपनीचा माणूस तेवढा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी चिमणी त्या परदेशी बाईंना घेऊन दुकानात आली. दुकानाची पायरी त्या खरोखरच चढल्या. लाल सरबताचा पेला त्यांनी थेंब न ठेवता संपवला आणि आणखी अर्धा मागितला.

"आवडलं ना? मग ठप्पा कशाला?" मामांनी बाईंना विचारलं.

चिमणीनं त्यांचं उत्तर सांगितलं. "बाई म्हणतायत, इतकं छान आहे म्हणूनच. बेचव असतं तर मुलं प्यालीच नसती."

मामांना राग यायला हवा होता, पण आली ती मिशीतली मिश्कील हसरी लकेर. अशी तारीफ वडिलांच्या सरबताची कुणीच केली नव्हती.

नियम झाला. लहान कारखान्यांना वाढीव मुदत मिळाली, कंपनीला नाही. मामांनी आलं-लिंबाची साखर हळूहळू उतरवली. चाखायला मामी. "पाणचट," "आता कडू," "हं, आता जमतंय," असं करत ते मापात बसलं. जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली, काही दुरावली. जवळच्या शाळेच्या बाई मात्र सहलीसाठी तेच सरबत नेऊ लागल्या. लाल सरबताला मामांनी हात लावला नाही. "ते आहे तसं राहील, ठप्प्यासकट," म्हणाले. फक्त बाटली लहान केली आणि शाळकरी पोरांना ते देणं बंद केलं.

घरातलं बोलणं मात्र अजून मामींमार्फतच चालू होतं. मुदत संपायच्या आदल्या रविवारी बापलेक मागच्या खोलीत ठप्पे चिकटवत बसले. चिमणीचे सगळे तिरके लागत होते.

"नियम सरळ लिहितेस, चिकटवतेस वाकडं," मामा म्हणाले आणि तिच्या हातातली बाटली घेऊन कागद ओला असतानाच अंगठ्यानं सरळ करू लागले.

"तुम्ही थेट माझ्याशी बोललात," चिमणी म्हणाली.

"मग काय करू? तुझी आई झोपली आहे," मामा म्हणाले आणि पुढची बाटली तिच्याकडे सरकवली.