तळं रक्ताचं झालं तेव्हा

सांडपाण्याचं तळं लाल झालं आणि अख्खा गाव काठावर लोटला. एरवी नाक दाबल्याशिवाय तिकडे कुणी फिरकत नसे, आता सगळे हात जोडून उभे. मौनीबाबा दगडावर चढून बोलत होता. नाव मौनी, पण दिवसभर तोंडाचा पट्टा चालू.

"हे पाणी नाही, रक्त आहे. पंखे बंद करा म्हटलं, केलेत, आणि सत्य वर आलं. रोज दूध ओता म्हटलं, ओतलंत, रंग गडद झाला. पंधरा दिवस बेपत्ता असलेला माणूस ह्याच पाण्यात आहे. आणि तळं राखतो कोण?"

तळं राखत होता ऑपरेटर. पाण्यात हवा मारणारे ते पंखेही त्याच्याच ताब्यात. बेपत्ता होता त्याचा मेव्हणा, आणि जाण्याआधी दोघांचं कडाक्याचं भांडण गल्लीने ऐकलं होतं. झालं, एवढं पुरे. लोकांनी ऑपरेटरला पंपखोलीतून फरफटत आणलं. पाइपाचा पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दोन दात मातीत पडले. गावच्या खाटकाने त्याचा उजवा हात बुटाखाली रगडला, तेव्हा हाडं मोडल्याचा आवाज त्याच्या बायकोला स्पष्ट ऐकू आला.

तिच्याही हातात दगड होता. भाऊ तिचा होता. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, आणि बाबा रोज सांगायचा, तुझा भाऊ पाण्यातून हाक मारतोय.

"ताई, पहिला हक्क तुमचा," बाबा म्हणाला. "मारा. मग ह्याला तळ्यात सोडू, पाणी निवळेल."

नवऱ्याने रक्ताची गुळणी थुंकली. "मार. पण आधी पंपखोलीच्या खिडकीतल्या बाटल्यांवरच्या तारखा बघून ये."

दर सोमवारी तो तळ्यातलं पाणी आणि गाळ बाटलीत भरायचा, बूच मेणाने बंद करायचा, तारीख घालून उन्हात ठेवायचा. ह्या खुळापायी तिने त्याला किती बोल लावले होते. ती आत गेली. जुन्या बाटल्या लालभडक झाल्या होत्या. एकीवर दोन महिन्यांपूर्वीची तारीख होती.

तिने ती बाटली बाबाच्या नाकासमोर धरली. "हे कुणाचं रक्त? हिला बूच लावलं तेव्हा माझा भाऊ माझ्या घरी जेवत होता. मेण फुटलेलं नाही, बघा सगळ्यांनी."

"माया आहे, ताई..."

"माया गेली खड्ड्यात."

"जंतू आहेत ते," जमिनीवरून नवरा पुटपुटला. "लाल रंगाचे. हवा नाही, वर ऊन, खाली कुजका गाळ, की वाढतात. पंखे बंद केलेत, दूध ओतलंत. त्यांची चंगळ झाली."

बाबाने काढता पाय घेतला. खाटकाने मानगूट धरून त्याला आपटला आणि तोच पाइप उचलला.

"पुन्हा तेच?" ती आडवी आली. "त्याला पोलिसांकडे द्या. आणि आधी ह्यांना दवाखान्यात न्या."

तिने स्वतः पंखे सुरू केले. काही आठवड्यांत पाणी पूर्वीसारखं हिरवट झालं. भाऊही परगावी कामावर सापडला, रुसून गेला होता. नवऱ्याचा हात मात्र वाकडा तो वाकडाच. तिने ताट पुढे केलं तरी तो अजून दचकून मागे सरतो.

म्हणून सांगतो, बाबांनो, काय विचारायचं ते हात उगारण्याआधी विचारा.