अर्जुनाचा मेंढा

लढाईची सालं. आटपाडीच्या अंगाला पाऊस रुसून बसलेला. मारुतीच्या देवळाम्होरं रोज ज्वारीच्या आंबिलीचा हंडा चढायचा, आन वाढायचं काम तात्याबाकडं. ज्वारी धाडायचे सांगलीच्या पेठेतले चिंतामणराव. त्येंची अट येकच. आंबील हितंच बसून प्यायची. कुणी बाहेर नेऊन विकली, वाया घातली, तर हंडा बंद.

म्हणून तात्याबा डोळ्यांत तेल घालून बसायचा. ही माणसं गरीब का, ते त्याला पक्कं ठाव व्हतं. नाद! कुणाला पत्त्यांचा, कुणाला दारूचा. येवढी सोपी गोष्ट लोकांस्नी कशी उमगत न्हाई, ह्येचंच त्याला नवल.

त्यात ह्यो अर्जुना धनगर. रोज आपलं लोटकं फुडं करायचा.

"तात्याबा, घरला जाऊन पितो."

"का? हितं काटं हायती व्हय रं?"

"लोकांत घशाखाली उतरत न्हाई."

रांधणारी तानुबाई म्हणायची, "आवं, द्या की. लाजतंय बिचारं."

"लाजतंय कसलं! कायतरी भानगड हाय ही."

येक दिस तात्याबानं मुद्दामच त्येला लोटकं घेऊन जाऊ दिलं, पळी तानुबाईच्या हातात दिली आन बाभळींच्या आडोशानं अर्जुनाच्या मागं निघाला. अर्जुनाची गालफडं बसलेली, पर चाल मातूर घाईची. खोपटाम्होरं आला आन समदी आंबील त्यानं दगडाच्या कुंडीत वतली. आतनं माडग्याळी जातीचा मेंढा आला. पोपटावानी नाक, अंग कसं तुकतुकीत.

तात्याबा उसळून फुडं झाला. "घावलास! जत्रंत झुंजी लावतोस व्हय रं?"

अर्जुना दचकला, पर मेंढ्याच्या म्होरं आडवा ऱ्हायला. "कपाळ चाचपा त्येचं. टक्कर खाल्लेला मेंढा असा असतोय?"

तात्याबानं खरंच चाचपलं. शब्दावर इसवास ठेवणारा गडी न्हवं त्यो. कपाळ गुळगुळीत.

"मग कशापायी?"

"माझी मेंढरं रोगानं गेली. ह्यो येकटा ऱ्हायला. पाऊस लागला की कळप कृष्णाकाठनं माघारी येत्यात. तवा ह्येला पैदाशीला कळपाकळपातनं फिरवायचा, बदल्यात कोकरं घ्यायची. ह्यो वाळला तर कोण नेतंय? मग मी जलमभर तुमच्याच हंड्यावर."

"आन तू काय खातोस?"

"हुलगं हायती की थोडं."

तात्याबानं खोपटात डोकावलं. चूल गार, मडकं पालथं. माघारी येताना हंड्यावरचाच ज्योतिबा दारूच्या गुत्त्यावर चोरून नेलेली आंबील इकताना दिसला.

दुसऱ्या दिशी चिंतामणराव टांग्यातनं उतरले. आल्याआल्या इचारलं, "काय तात्याबा, बाहेर नेतंय का कोणी?"

तात्याबाच्या तोंडात "न्हाई" आलं व्हतं. पर ज्वारी त्येंची.

"नेत्यात. अर्जुना मेंढ्याला घालतो, आन ज्योतिबा गुत्त्यावर विकतो."

"बघा! म्हणूनच ही माणसं अशी राहतात. सगळे एकाच माळेचे."

परवापातुर तात्याबानं मान हालवली असती. आता म्हणाला, "ज्योतिबाचं खरं हाय. त्येची आंबील उद्यापासनं हितंच त्येच्या बायकूच्या, अंबूबाईच्या हातात देतो. पर अर्जुनाचं येगळं हाय. हंडा बंद करायच्या आदी येकदा चला."

खोपटाम्होरं अर्जुनानं चिंतामणरावांचा धोतर-कोट बघितला आन काठीच उचलली. "तात्याबा, पलटणीला मटन पुरवणारा का ह्यो? मेंढा इकायचा न्हाई मला!"

चिंतामणराव चार पावलं मागं सरकले. "अहो, मी ज्वारीवाला."

मग त्येंनी कळपांचं इचारलं, कोकरांचं इचारलं. मधीच डोळं बारीक करून तात्याबाकडं बघायचे. शेवटी म्हणाले, "आंबील माणसासाठी आहे. मेंढ्याला मी कोंडा पाठवीन. पण याने माझ्यादेखत प्यायला पाहिजे."

"कोंडा फुकट?" अर्जुनानं इचारलं. "बदल्यात काय पायजे ह्यास्नी?"

"काही नको."

"मग तर येगळंच कायतरी हाय."

"गप ये मुकाट्यानं," तात्याबा खेकसला.

अर्जुना देवळाम्होरं आला, पर मेंढ्याला दोरीनं संगं घेऊन. दोरीचा पिळा मनगटाला घातला, चिंतामणरावांवरची नजर काढली न्हाई, आन लोटकं तोंडाला लावलं.