नानांच्या आवाजाची राखणदार

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. नाटकाची नव्हे, कॉम्प्युटरची. त्याने काय करायचं हे सांगणाऱ्या मोजक्या ओळी, एवढाच माझा देह. पण त्या ओळींवर एका बाईचे रविवार अवलंबून होते.

माझा जन्म परळच्या भोईवाड्यात, एका चाळीच्या बुद्धविहारात झाला. त्या चाळीत नाना राहायचे. गिरणी बंद पडली, पण नानांचा गळा बंद पडला नाही. त्यांची भीमगीतं चाळीतल्याच संघमित्राने रेकॉर्ड केली आणि क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या गोदामात, ठेवली. पुढे नाना वारले. काही दिवसांनी कोणीतरी ती गाणी उचलली, वर ढोलबिल चढवले आणि स्वतःच्या नावावर खपवली. नानांची बायको कमळाबाई त्या दिवशी जेवली नाही.

"यापुढे नाना ऐकायचे ते विहारातच," विहाराच्या मंडळाने ठरवलं.

म्हणून संघमित्राने मला लिहिलं. इंटरनेटच्या प्रत्येक कनेक्शनला एक नंबर असतो. विहाराच्या कनेक्शनचा नंबर तिने माझ्यात घातला आणि मला चालवलं. मी गोदामाला बजावलं, या नंबरावरून येईल त्यालाच दार उघड, बाकीच्यांना वाटेला लाव. किती उपटसुंभ आले आणि हात हलवत परत गेले! मंडळात माझं कौतुक व्हायचं. मीही जरा फुगले होते, खोटं कशाला बोलू.

रविवारी वंदना झाली की सतरंजीवर बसूनच सगळे नाना ऐकायचे. एका गाण्यात नाना मध्येच थांबून म्हणतात, "कमळा, पाणी दे गं जरा." संघमित्राने ते कापलं नव्हतं. तिथे आलं की कमळाबाई दर वेळी हळूच म्हणायची, "दिलं की." तिला तेवढ्याचसाठी यायचं असायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग संघमित्राला बंगळूरला नोकरी लागली. जाताना ती मंडळाच्या चिटणीसाला, विकासला, म्हणाली, "दादा, कनेक्शन बदललं तर मला कळव हां. एक ओळ बदलून स्क्रिप्ट परत चालवायची, बस."

"हो गं, तू बिनधास्त जा."

चाळ पुनर्विकासाला गेली. विहार रस्त्यापलीकडच्या दोन खोल्यांत आला. विकासने बुद्धमूर्ती, तसबिरी, नानांची पेटी, सगळं जिवापाड जपून हलवलं. नवं कनेक्शनही घेतलं. लॅपटॉप तोच, माणसं तीच, मग आणखी काय बदलणार, असं त्याला वाटलं. पण नंबर बदलला होता आणि मी घातलेला नियम जुनाच होता. दार उघडेना. हलवाहलवीत आपल्याच हातून गाणी पुसली गेली, अशी विकासची समजूत झाली. लाजेने त्याने संघमित्राला फोनच केला नाही. मूग गिळून बसला.

"विकास, नाना लाव रे."

"काकी, मशीन बिघडलंय. पुढच्या रविवारी नक्की."

असे पुष्कळ रविवार गेले. शेवटी कमळाबाई म्हणाली, "राहू दे बाबा. पण ते तिकडे पाणी मागत थांबले असतील." त्यानंतर ती आली नाही. पावसाळा संपता संपता ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीला, संघमित्रा आली, तेव्हा विकास तिच्यापाशी रडला. "नानांची गाणी माझ्या हातून गेली गं."

तिने लॅपटॉप उघडला. मला वाचलं. मग म्हणाली, "काही गेलेलं नाही, दादा. फक्त नंबर बदललाय. मला एक फोन करायचास."

तिने ती ओळ बदलली, मला परत चालवलं आणि दार उघडलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो हा.

मित्रांनो, आपल्या माणसांचं जपून ठेवा, कुलूपही लावा. पण घर हलवाल तेव्हा त्या कुलपाची आठवण ठेवा, आणि चुकलं असं वाटलं तर लाजून गप्प राहू नका. माझ्यासारखीला माणसं ओळखता येत नाहीत, नंबर तेवढे कळतात. ज्या बाईसाठी मी जन्मले, तिलाच मी दारातून परत पाठवत राहिले. याचं मला फार दुःख आहे.

आता रविवारी नाना पुन्हा गातात. मध्येच थांबून पाणी मागतात. सगळी माणसं खाली सतरंजीकडे बघत बसतात. मग नाना पुढचं कडवं घेतात.