नकोचं कार्ड

गेली नऊ वर्षं मी सरकारी भाषेचं माणसांच्या भाषेत भाषांतर करतो. कायदाच तसा आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांविषयी कुठलाही आदेश काढायचा, तर तो आधी त्यांना समजेल अशा शब्दांत लिहायचा आणि त्यांच्यातल्याच एकाला समितीवर घेऊन त्याच्याकडून तपासून घ्यायचा. कायदा करणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. असती तर तो इतका भाबडा झाला नसता.

आमच्या समितीवरचा तो एक म्हणजे एकेचाळीस वर्षांचा मेंबर. त्याला सगळे मेंबरच म्हणत, अगदी तो काम करायचा त्या हार्डवेअरच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा. मिसळलेले स्क्रू निवडून आपापल्या खणात टाकायचे, हे त्याचं काम. नुसतं बोट फिरवून त्याला आटे कळत. समितीत त्याच्यापुढे दोन कार्डं असत. हिरवं म्हणजे समजलं, लाल म्हणजे समजलं नाही. लाल वर झालं की मसुदा माझ्याकडे परत, हिरवं झालं की साहेबांची सही.

इतर खात्यांतले असे सभासद चहा येईपर्यंत हिरवं कार्ड पंख्यासारखं हलवत बसतात, असं ऐकून होतो. आमचा गडी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायचा. एकदा त्यानं विचारलं, "यथावकाश म्हणजे कधी?" समितीत तिघे पदवीधर होते. कुणालाही सांगता आलं नाही.

त्या मंगळवारी आलेला मसुदा नेमका त्याच्या घराचा निघाला. मेंबर आणखी पाच जणांबरोबर खात्याच्या एका छोट्या घरात राहायचा. त्याला स्वतःची खोली होती, स्वयंपाकाला एक मावशी यायच्या आणि दुकान चालत आठ मिनिटांवर होतं. आता अशी सगळी घरं बंद करून माणसं शहराबाहेरच्या केंद्रात न्यायची होती. तिथे एका हॉलमध्ये चाळीस खाटा, आणि तिथून दुकान म्हणजे दोन बस बदलून दीड तास.

मी लिहिलं होतं : 'छोटी घरं बंद होतील. तिथल्या लोकांना मोठ्या केंद्रात जागा मिळेल.'

लाल कार्ड.

"कुठला शब्द अडला?" साहेबांनी विचारलं. आमचे साहेब आवाज कधी चढवत नाहीत, त्यांना गरज पडत नाही.

"शब्द नाही अडला. मला जायचं नाही."

"ते नंतर बघू. समजलं का, तेवढं सांग."

"माझं दुकान इथे आहे."

"अरे, पण कार्ड कशाचं आहे?"

"समजल्याचं."

"मग?"

मेंबरनं टेबलावर इकडेतिकडे पाहिलं, कार्डाखाली कार्ड आहे का तेही उचलून पाहिलं. "नकोचं कुठे आहे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तसं कार्ड कधी छापलंच नव्हतं, आणि नऊ वर्षांत ते कुणाला आठवलंही नव्हतं.

"लाल आहे ना? मग सोपं करा," साहेब मला म्हणाले. नियम तोच होता. मी तिथेच पेनानं सोपं केलं : 'तुमचं घर बंद होईल. तुम्ही दुसरीकडे राहाल.' लाल. आणखी सोपं केलं : 'तू हे घर सोडशील. तीस तारखेला.'

उगाच विनय कशाला, माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत स्वच्छ लेखन होतं.

मेंबरचं बोट तारखेवर बराच वेळ थांबलं. साहेब म्हणाले, "खरं सांग हं. समजलं की नाही?"

नाही म्हणायला काय जात होतं? आपण कुणीही म्हटलं असतं. त्यानं हिरवं कार्ड उचललं.

इतिवृत्तात आलं : 'लाभार्थी प्रतिनिधींनी मसुद्यास मान्यता दिली.' ती ओळ माझी नाही, मी फक्त शुद्धलेखन तपासलं. मेंबरनंही खाली सही केली. इतिवृत्त सोप्या भाषेत करून द्यायची कायद्यात तरतूद नाही.

आठवड्यानं त्याची थोरली बहीण माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "ते सोपं-सोपं लिहिणारे तुम्हीच का? मग चला आता वकिलाकडे. तिथेही काहीतरी सोपं करा."

मेंबर तिथे आधीच येऊन बसला होता. वकीलबाईंनी कागद चाळले. "मान्यता दिली नाही असं कोण सांगेल? तुम्ही सांगाल?" त्यांनी मला विचारलं. माझ्या निवृत्तीला चार वर्षं होती. मी म्हणालो, खात्याची परवानगी लागेल. बाईंनी मान डोलवली. अशा माणसांची त्यांना सवय असावी.

"मग एकच वाट उरते. त्याला काहीच समजलं नव्हतं, असं प्रतिज्ञापत्र. कोर्ट ते लगेच मानेल. स्थगिती नक्की. फक्त पुढे त्याची सही कुठेच चालणार नाही, सगळ्या सह्या ताईंनी करायच्या."

"करीन की," ताई म्हणाली. "घर तर राहील. कर रे सही."

मेंबरनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला थांबून तो माझ्याकडे वळला. "हे अवघड आहे. तुम्ही सांगा."

मी सांगितलं, "मला कळत नाही, असं लिहिलंय."

"पण कळलं होतं."

"अरे राजा, मला माहीत आहे," ताई म्हणाली. "नुसतं म्हणायचं. कोर्टापुरतं."

"मी 'कळलं' म्हणालो होतो, ताई. 'हो' नव्हतो म्हणालो."

"मग जा! जा त्या चाळीस खाटांत! कळतंय ना तुला सगळं?"

"कळतंय," मेंबर म्हणाला आणि कागद वकीलबाईंकडे सरकवला. ताईनं तोंडावर पदर धरला. वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं.

तीस तारखेला तो गेला. दुकानदारानं दोन आठवडे वाट पाहिली, मग दुसरा माणूस ठेवला. समितीच्या बैठकीलाही तिथून येणं मेंबरला जमेना. कायद्यानं जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून साहेबांनी नवा सभासद शोधायचं काम माझ्याकडे दिलं.

"घाई नाही," ते म्हणाले. "पण या खेपेला जरा समजूतदार बघा."